दहा वर्षांचा धोका कमी, मग आत्तापासून गोळी कशाला?

नाशिकहून एका वाचकाने लिहिलं आहे (पत्र थोडं आटोपशीर केलं आहे):

"डॉक्टर, माझं वय ३९. कंपनीच्या वार्षिक तपासणीत एकूण कोलेस्टेरॉल २३८, एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) १६२, एचडीएल (चांगलं) ३८ आणि ट्रायग्लिसराइड्स १९० आलं. रक्तदाब १३२/८६, एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी साखर) ५.८. टीएमटी (पट्ट्यावर चालवून काढलेला ईसीजी) नॉर्मल. सिगारेट कधी ओढली नाही, तंबाखूची चिमूट मात्र दिवसातून दोन-तीनदा होते. वडिलांना ५२व्या वर्षी हार्ट अटॅक आला, बायपास झाली. आता ते ७० वर्षांचे आहेत, बरे आहेत. आमच्या फॅमिली डॉक्टरांनी रोसुव्हास्टॅटिन १० ही कोलेस्टेरॉलची गोळी लिहून दिली. मी इंटरनेटवरच्या 'प्रिव्हेंट' कॅल्क्युलेटरमध्ये माझे आकडे भरले, तर दहा वर्षांत हार्ट अटॅक किंवा पक्षाघात येण्याची शक्यता १.७ टक्के, म्हणजे 'कमी धोका'. ते डॉक्टरांना दाखवलं, तर त्यांनी त्याच पानावरचा तीस वर्षांचा आकडा दाखवला, ११ टक्के. यातला खरा कुठला? बायको म्हणते, चाळिशीच्या आत जन्माची गोळी मागे लावून घेऊ नका. आई रोज सकाळी लसणाच्या दोन पाकळ्या हातावर ठेवते. गोळ्यांची पट्टी दोन महिने कपाटात पडून आहे. काय करू? धाकटी बहीण ३४ वर्षांची आहे, तिनेही तपासून घ्यावं का?"

नमस्कार.

दोन्ही आकडे खरे आहेत. तुमच्यासारख्या हजार पुरुषांना उभं केलं, तर पुढच्या दहा वर्षांत त्यातल्या सुमारे १७ जणांना झटका (हार्ट अटॅक किंवा पक्षाघात) येईल आणि तीस वर्षांत सुमारे ११० जणांना. एकच माणूस, एकच रक्ताचा रिपोर्ट. फक्त किती लांबवर बघायचं ते बदललं. तीस वर्षांनी तुम्ही ६९चे व्हाल. म्हणजे तुमचे वडील आज आहेत त्याहून एक वर्षाने लहान. तेवढं तर तुम्हाला नक्कीच जगायचं असणार, आणि धडधाकट जगायचं असणार. मग प्रश्न दहाच वर्षांचा का विचारायचा?

याचं उत्तर थोडं इतिहासात आहे. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात फ्रेमिंगहॅम नावाचं गाव आहे. तिथे १९४८ साली ५,२०९ स्त्री-पुरुषांची नोंद करून वर्षानुवर्षं त्यांची तपासणी सुरू झाली. कुणाला हृदयविकार होतो आणि त्याच्यात आधीपासून काय वेगळं असतं, हे शोधायचं होतं. रक्तदाब, कोलेस्टेरॉल, धूम्रपान यांची सांगड हृदयविकाराशी पक्की बसली ती मुख्यतः त्या गावातल्या लोकांमुळे. त्यातूनच धोका मोजायची सूत्रं आली आणि दहा वर्षांचा हिशेब रुळला. २०१३च्या अमेरिकन मार्गदर्शक सूचनांनी साडेसात टक्क्यांची रेघ ओढली. दहा वर्षांचा धोका त्याच्यावर गेला, की डॉक्टरांनी रुग्णाशी स्टॅटिनबद्दल, म्हणजे तुमच्या रोसुव्हास्टॅटिनसारख्या कोलेस्टेरॉल उतरवणाऱ्या गोळ्यांबद्दल, बोलावं. रेघ सोयीची होती. साठीतल्या माणसासाठी ती आजही बरी आहे.

चाळिशीतल्या माणसाला मात्र ती फसवते, कारण दहा वर्षांच्या सूत्रात सगळ्यात जड पारडं वयाचं असतं. तुमचेच आकडे जसेच्या तसे ठेवून वय फक्त ५९ भरा, की १.७ टक्क्यांचे साडेपाचच्या आसपास होतात. रक्त तेच आणि रक्तदाबही तोच. उलट तुमच्याच वयाचा दुसरा माणूस घ्या, ज्याचं एचडीएल सोडून बाकीचं कोलेस्टेरॉल १२० आहे (तुमचं २००), एचडीएल ५० आणि वरचा रक्तदाब ११५. त्याचा दहा वर्षांचा धोका येतो सुमारे ०.६ टक्के. तोही 'कमी धोका' आणि तुम्हीही 'कमी धोका', दोघांनाही हिरवा रंग. तीस वर्षांच्या रकान्यात मात्र तो पाच टक्क्यांच्या आत आहे आणि तुम्ही अकरावर. तुमच्या दोघांमधला जो फरक डॉक्टरांनी ओळखायला हवा, तो दहा वर्षांच्या आकड्यात जवळजवळ दिसतच नाही.

हे मी पुस्तकातलं सांगत नाहीये. प्रॅक्टिसच्या सुरुवातीच्या काळात माझ्याकडे एक पस्तिशीचे गृहस्थ आले होते. एलडीएल १७० आणि काही, वडिलांना लवकर अटॅक, बाकी तब्येत ठणठणीत. मी कागदावर हिशेब मांडला, धोका अगदीच कमी निघाला. "दहा वर्षं तरी काळजी नाही, तेलकट कमी खा," असं सांगून मी त्यांना पाठवलं. माझं भाकीत अगदी बरोबर ठरलं. दहा वर्षं त्यांना काहीही झालं नाही. अकराव्या वर्षी ते पहाटे स्ट्रेचरवरून आले. ते वाचले, पण हृदयाचा बराच स्नायू गेला आणि पंचेचाळिशीनंतर जिना चढताना त्यांना मधे थांबावं लागायचं. ते कधी मला काही बोलले नाहीत. तेव्हापासून तरुण रुग्णासमोर दहा वर्षांचा आकडा एकटा ठेवायचा नाही, हे मी ठरवलं.

आता आत काय चालतं ते बघू. लोक म्हणतात, नळात गाळ साचावा तसं कोलेस्टेरॉल साचतं. उपमा तितकीशी बरोबर नाही. गाळ पोकळीत साचतो. एलडीएलचे कण रक्तवाहिनीच्या भिंतीत मुरतात. पावसाळ्यात भिंतीत ओल मुरते ना, तसं. वर्षानुवर्षं रंग छान दिसतो, हात लावला तरी कळत नाही, आणि मग एखाद्या दिवशी गिलाव्याचा पोपडा सुटून पडतो. हृदयाच्या रक्तवाहिनीत असा पोपडा फुटला की त्यावर रक्ताची गुठळी धरते आणि वाट बंद होते. तोच हार्ट अटॅक. तुमची टीएमटी नॉर्मल आली याचा अर्थ एवढाच, की सध्या वाट इतकी अरुंद झालेली नाही की धावताना हृदयाला रक्त कमी पडेल. भिंतीत ओल किती आहे हे टीएमटी सांगत नाही.

ही ओल किती लवकर सुरू होते याचा पहिला धक्का डॉक्टरांना १९५३ साली बसला. कोरियाच्या युद्धात मारल्या गेलेल्या ३०० अमेरिकन सैनिकांची हृदयं तपासली गेली. सरासरी वय बावीस. त्यातल्या ७७ टक्क्यांच्या रक्तवाहिन्यांत आजाराच्या खुणा होत्या. अलीकडे स्पेनमध्ये माद्रिदच्या एका बँकेतल्या ४० ते ५४ वयाच्या कर्मचाऱ्यांना निरनिराळ्या स्कॅननी तपासलं. कुणालाही त्रास नव्हता, तरी ६३ टक्क्यांच्या रक्तवाहिन्यांत कुठे ना कुठे थर सापडलाच. तेव्हा हृदयविकार साठीत सुरू होतो, हे म्हणणं सोडून द्यावं लागेल. साठीत तो बाहेर येतो. आपल्याकडे तर त्याआधीच. बावन्न देशांत झालेल्या 'इंटरहार्ट' पाहणीत दक्षिण आशियातल्या लोकांना पहिला अटॅक साधारण ५३व्या वर्षी आला, इतरांना सुमारे ५९व्या. तुमच्या वडिलांचं ५२ आठवा.

या सगळ्यात वेळ किती महत्त्वाचा आहे, हे दाखवणारा माझ्या मते सगळ्यात सुंदर पुरावा २००६चा आहे. अमेरिकेत टेक्सासमधल्या डॅलस इथे हेलन हॉब्स आणि जोनाथन कोहेन या संशोधकांनी असे लोक शोधले होते, ज्यांच्यात पीसीएसके९ नावाचं एक जनुक जन्मापासूनच निकामी असतं. त्यामुळे त्यांचं यकृत रक्तातून एलडीएल जास्त ओढून घेतं. अशा कृष्णवर्णीय लोकांचं एलडीएल इतरांपेक्षा साधारण २८ टक्क्यांनी कमी होतं. आता २८ टक्के म्हणजे काही फार नव्हे, साध्या स्टॅटिननेही तेवढं उतरतं. पण पंधरा वर्षांच्या नोंदींत त्यांच्यातला हृदयविकार ८८ टक्क्यांनी कमी निघाला. त्यांच्यातल्या कितीतरी जणांना रक्तदाब होता, कितीजण सिगारेट ओढत होते, तरीही. दुसरीकडे स्टॅटिनच्या मोठ्या चाचण्यांची बेरीज सांगते, की एलडीएल सुमारे ३९ मिलिग्रॅमने उतरवलं तर झटके साधारण २२ टक्क्यांनी कमी होतात. त्या चाचण्या पाच-सहा वर्षांच्या आणि बहुतेक साठीच्या आसपासच्या लोकांवर झालेल्या. एलडीएल उतरण्याचं प्रमाण फार वेगळं नाही. वेगळी आहे ती सुरुवात. एकात जन्मापासून, दुसऱ्यात ओल मुरून झाल्यावर. थेंबे थेंबे तळे साचे, हे इथे शब्दशः लागू आहे, आणि तळं साचायच्या आधी थेंब कमी करणं सोपं.

आता तुमच्या गोळीचा हिशेब करू. रोसुव्हास्टॅटिन १० ने एलडीएल चाळीस टक्क्यांच्या आसपास किंवा थोडं जास्त उतरतं. म्हणजे तुमचं १६२चं ९५च्या जवळपास येईल. वरच्या प्रमाणाने झटक्याचा धोका अंदाजे एक-तृतीयांशाने घटेल. दहा वर्षांत तुमच्यासारख्या हजारांतल्या १७ऐवजी ११ जणांना झटका येईल. सहाजण वाचले, ९९४ जणांनी गोळी घेऊनही त्यांच्या आयुष्यात दिसण्यासारखा फरक पडला नाही. तुमच्या पत्नीला हे पटत नसेल, तर त्यांचं चुकत नाही. तीस वर्षांत मात्र ११०ऐवजी ७३-७४. म्हणजे हजारात छत्तीस-सदतीस घरं. आणि डॅलसच्या लोकांचा धडा खरा धरला, तर लांब मुदतीत फायदा याहून मोठा असायला हवा.

"असायला हवा" असं मी म्हणते आहे, कारण ३९व्या वर्षी गोळी सुरू करून तीस वर्षं चाललेली चाचणी कुणी केलेली नाही. तशी चाचणी होणं कठीणच आहे. त्यातल्या त्यात जवळची म्हणजे १९९५ साली प्रसिद्ध झालेली स्कॉटलंडची. ४५ ते ६४ वयाचे, आधी अटॅक न आलेले ६,५९५ पुरुष. निम्म्यांना पाच वर्षं प्राव्हास्टॅटिन, निम्म्यांना नुसती पिठाची गोळी. चाचणी संपल्यावर ज्याने त्याने आपापल्या डॉक्टरांच्या सल्ल्याने पुढचं ठरवलं. वीस वर्षांनी बघितलं, तर ज्यांना सुरुवातीची पाच वर्षं खरी गोळी मिळाली होती, त्यांच्यात हृदयविकाराने होणारे मृत्यू अजूनही कमीच होते. आधी टाळलेली ओल नंतरही कामी आली, असाच याचा अर्थ मी लावते.

तीस वर्षांच्या आकड्याचा दुरुपयोगही होऊ शकतो, हेही सांगायला हवं. तीस वर्षं लांब बघितलं की कुणाचाही आकडा मोठा दिसतो, आणि तो दाखवून घाबरवणं सोपं असतं. "फुल बॉडी चेकअप"च्या पॅकेजांपासून सीटी अँजिओग्राफीपर्यंत पुष्कळ काही त्या भीतीवर खपतं. म्हणून माझा नियम असा आहे, की मोठा आकडा दिसला की आधी विचारायचं, हा कशामुळे मोठा आहे? नुसत्या वयामुळे मोठा असेल तर गोळीची घाई नको. बदलता येण्यासारखं काही त्याच्यामागे असेल, तर त्या गोष्टीला हात घालायचा. तुमच्या बाबतीत ते उघड आहे: एलडीएल, कमी एचडीएल, वर सरकलेला रक्तदाब आणि साखर.

शिवाय कॅल्क्युलेटरने तुम्हाला काही गोष्टी विचारल्याच नाहीत. 'प्रिव्हेंट' अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०२३ साली आणलं, लाखो अमेरिकन लोकांच्या नोंदींवरून. ते ३० वर्षांपासून पुढच्यांना चालतं, मूत्रपिंडाचं काम हिशेबात धरतं, ५९पर्यंतच्या वयाला तीस वर्षांचा धोका देतं. चांगलं आहे. पण तुमचे वडील त्यात नाहीत. वडिलांना किंवा भावाला ५५च्या आत, आईला किंवा बहिणीला ६५च्या आत हृदयविकार झाला असेल, तर तो धोका वाढवणारा मुद्दा मानतात. दक्षिण आशियाई वंश हाही अमेरिकेच्या २०१८च्या सूचनांत तसाच मुद्दा आहे. त्याच सूचनांत आणखी एक ओळ आहे, जी जणू तुमच्यासाठी लिहिली आहे: वय २० ते ३९, घरात लवकर आलेला हृदयविकार आणि एलडीएल १६० किंवा त्याहून जास्त, तर स्टॅटिनचा विचार करावा. भारतीय हृदयरोगतज्ज्ञांच्या संघटनेने, कार्डिऑलॉजिकल सोसायटी ऑफ इंडियाने, २०२४ साली आपल्या देशासाठी वेगळ्या सूचना काढल्या. त्यांत कमी धोक्याच्या माणसाचंही एलडीएल १००च्या आत असावं असं म्हटलं आहे. म्हणजे कुठल्याही मापाने १६२ जास्तच.

आणि तंबाखू. कॅल्क्युलेटरने सिगारेटचं विचारलं, तुम्ही प्रामाणिकपणे "नाही" म्हणालात, आणि आकडा लहान आला. पण दाढेखाली धरलेल्या तंबाखूतलं निकोटिनही रक्तात जातंच, नाडी आणि रक्तदाब वाढवतंच, आणि इंटरहार्टमध्ये नुसता तंबाखू चघळणाऱ्यांतही अटॅकचं प्रमाण जास्तच आढळलं. तेव्हा तुमचे अकरा टक्के मी कमीत कमी धरते. तोंडाच्या कर्करोगाचं वेगळं सांगायला नको. तुमच्या पत्रातल्या सगळ्या गोष्टींत आजच्या आज बंद करण्यासारखी ही एकच आहे. बाकी सगळ्याला थोडा वेळ देता येतो, याला नाही. एकट्याने जमत नसेल तर डॉक्टरांना सांगा, त्यासाठी औषधंही आहेत आणि समुपदेशनही.

तर काय करायचं? ती पट्टी कपाटातून काढा आणि घेऊन पुन्हा तुमच्या फॅमिली डॉक्टरांकडे जा. त्यांनी तुम्हाला तीस वर्षांचा आकडा दाखवला, म्हणजे ते लांबचं बघणारे आहेत. त्यांना सोडू नका. गोळीआधी काही तपासण्या करून घ्या. टीएसएच, कारण थायरॉइड मंद असेल तर एलडीएल वाढतं आणि तिथे इलाज थायरॉइडचा करायचा असतो. यकृतासाठी एसजीपीटी आणि मूत्रपिंडासाठी क्रिएटिनिन. आणि आयुष्यात एकदाच करायची एक तपासणी, लायपोप्रोटीन-ए. हा एलडीएलचाच एक चिकट भाऊबंद आहे, प्रमाण जवळजवळ पूर्णपणे आनुवंशिक, खाण्यापिण्याने हलत नाही. ते ५० मिलिग्रॅमच्या वर आलं, तर वडिलांच्या ५२व्या वर्षीच्या अटॅकचा धागा हाती लागू शकेल, आणि मग मी गोळीसाठी एक दिवसही थांबू नका असं म्हणेन.

तसं नसेल, तर तुमच्या जागी माझा सख्खा भाऊ असता तर मी त्याला तीन महिने दिले असते. कॅलेंडरवर तारीख लिहून, तीनच. या तीन महिन्यांत घरी रक्तदाबाचं यंत्र आणून आठवड्यातून तीन-चार वेळा सकाळी शांत बसून मोजायचं; १३२/८६ एकदाच आलं की नेहमीच येतं ते कळायला हवं. रोज अर्धा-पाऊण तास, थोडा घाम येईल असं चालायचं. खाण्यात एलडीएलला खरा फरक पडतो तो संपृक्त चरबी कमी केल्याने: वनस्पती तूप, लोणी, खारी-बिस्किटं, फरसाण, मटणाची चरबी, रोजच्या भाजीतलं ओलं-सुकं खोबरं. तुपाचा एक चमचा वरण-भातावर घेतलात तर मी भांडणार नाही, चार घेतलेत तर भांडेन. भाजीला शेंगदाण्याचं किंवा करडईचं तेल बेताने. दोन्ही वेळा उसळ किंवा डाळ, पालेभाजी, आणि रात्री ग्लासभर पाण्यातून इसबगोल. इसबगोल साधं वाटतं, पण एलडीएल थोडं उतरवतं हे नीट तपासून झालं आहे. आईंच्या लसणाने कुणाचं वाईट होत नाही. पाकळ्या घ्या, त्यांचं मन राहील. पण लसणाने १६२चं ९५ होणार नाही.

हे सगळं मनापासून केलंत तर एलडीएल दहा-पंधरा टक्क्यांनी उतरेल, कदाचित १४०पर्यंत. ट्रायग्लिसराइड्स आणि साखर याहून चांगली सुधारतील, वजन उतरलं तर जास्तच. तीन महिन्यांनी पुन्हा तपासा. एलडीएल १३०च्या वरच राहिलं, तर माझा कौल गोळी सुरू करण्याकडे आहे. तोवर थांबायचं नाही, डॉक्टर म्हणतात तशी आजच सुरू करायची, असं तुम्ही ठरवलंत तर त्यालाही माझी हरकत नाही. दोन्ही मार्ग योग्य आहेत. चुकीचा मार्ग एकच, पट्टी आणखी पाच वर्षं कपाटात ठेवणं.

गोळीच्या भीतीबद्दल. यकृत खराब होतं हे तुम्ही ऐकलं असेलच. एसजीपीटी थोडं वाढू शकतं, यकृताला खरी इजा होणं फारच दुर्मीळ. स्नायूंच्या दुखण्याबद्दल इंग्लंडमध्ये २०२० साली एक वेगळीच चाचणी झाली. त्रासामुळे ज्यांनी स्टॅटिन सोडलं होतं अशा साठ लोकांना काही महिने खरी गोळी, काही महिने नकली आणि काही महिने काहीच नाही, असं आळीपाळीने दिलं. खऱ्या गोळीवर झालेल्या त्रासापैकी नव्वद टक्के त्रास नकली गोळीवरही झाला. त्रास खरा होता, दुखत खरंच होतं. कारण मात्र बहुतांशी गोळी नव्हती. तरीही सुरू केल्यावर मांड्या-दंड दोन्ही बाजूंना दुखायला लागले, लघवी गडद झाली, तर गोळी थांबवा आणि लगेच डॉक्टरांना दाखवा. साखरेचा मुद्दा खरा आहे आणि तुमच्या बाबतीत तो लपवणं बरोबर नाही. ५.८ म्हणजे तुम्ही मधुमेहाच्या उंबरठ्याजवळ आहात, आणि स्टॅटिनने साखर किंचित वाढते. उंबरठ्यावरचा माणूस थोडा आधी आत जाऊ शकतो. हृदयाचा फायदा त्याहून मोठा असतो, म्हणून गोळी नाकारायचं ते कारण होत नाही. चालण्याचं आणि वजन उतरवण्याचं मात्र ते फार चांगलं कारण आहे.

आणि "जन्माची गोळी". हा शब्द तुमच्या पत्नीला टोचतो, मला समजतं. गोळी बंद केली म्हणून शरीराला काही धक्का बसत नाही; काही आठवड्यांत एलडीएल पुन्हा जुन्या जागी येतं, बस. म्हणून मी रुग्णांना जन्माचा शब्द मागत नाही, वर्षाचा मागते. सुरू केल्यावर दीड-दोन महिन्यांनी एकदा तपासणी, मग वर्षातून एकदा. दर वर्षी एकत्र बसून ठरवायचं, पुढे चालू ठेवायची का. पैशांची अडचण असेल तर जनऔषधी केंद्रात स्टॅटिन अगदी स्वस्त मिळतात. आणि पुढच्या भेटीला पत्नीला बरोबर घेऊन जा. निर्णय घरात घेतला गेला की गोळी कपाटात पडून राहत नाही.

सीटी कॅल्शियम स्कोअरबद्दल (हृदयाच्या रक्तवाहिन्यांत कॅल्शियम किती धरलं आहे ते मोजणारा स्कॅन) तुम्ही विचारलं नाहीत, पण कुणीतरी सुचवेलच. पन्नाशीच्या माणसात मन दोलायमान असेल तर तो उपयोगी पडतो. ३९व्या वर्षी शून्य आला तर फारसा दिलासा मानू नका. भिंतीतल्या थरात कॅल्शियम उशिरा धरतं. छातीवर दाब, दरदरून घाम, जबड्यात किंवा डाव्या हातात कळ, असं कधी झालं तर मात्र कुठलाही स्कोअर न आठवता १०८ला फोन करा.

आता तुमची बहीण. हो, तिनेही तपासावं, याच महिन्यात. वडील तेच आहेत. भारतीय सूचना तर म्हणतात, पहिली तपासणी अठराव्या वर्षीच करावी. तिचं एलडीएल १९०च्या वर आलं, तर तो घराण्यातून येणारा जन्मजात प्रकार असू शकतो, साधारण अडीचशे-तीनशे माणसांत एकाला असतो; तिथे कॅल्क्युलेटर उघडायचाच नाही, सरळ हृदयरोगतज्ज्ञांकडे जायचं आणि तुमच्या मुलांचंही रक्त तपासायचं. तिला मूल झालं असेल तर गरोदरपणात रक्तदाब वाढला होता का, हे डॉक्टरांना आवर्जून सांगायला सांगा. बायकांच्या हृदयाच्या धोक्यात त्याची गणती होते आणि ते विचारलं फार क्वचित जातं. आणि दिवस राहावेत असा विचार असेल, तर स्टॅटिन सुरू करण्यापूर्वी ते बोलावं, कारण गरोदरपणात ती सहसा बंद ठेवतात. तिचा आणि तुमचा लायपोप्रोटीन-ए एकाच दिवशी, एकाच लॅबमध्ये द्या. दोघांचे रिपोर्ट आले की मला पुन्हा लिहा.